मदत हवी आहे : ‘छान झालंय’च्या पुढचा अभिप्राय कसा मिळवायचा?

नमस्कार मंडळी,

मी आठ वर्षं फ्रीलान्स काम करते. संस्थांचे वार्षिक अहवाल लिहून आणि मांडून देते. काम वाढलं म्हणून दोन वर्षांपासून तिघांना सोबत घेतलंय. माझं काम नेमकं कुठे कमी पडतं, हे मला वेळेवर कोणी सांगत नाही, ही माझी अडचण आहे.

एका संस्थेचा अहवाल मी सलग ३ वर्षं केला. काम संपलं की मी फॉर्म पाठवायचे : १ ते ५ गुण आणि खाली ‘काही सूचना असल्यास’ हा रकाना. दर वेळी ५ गुण यायचे आणि रकाना कोरा. चौथ्या वर्षी काम दुसऱ्याकडे गेलं. पुढे कधीतरी त्यांच्या हिशेब विभागातल्या ताई बोलता बोलता म्हणाल्या की माझे सगळे तक्ते त्या दर वर्षी नव्याने करायच्या. ऑडिटरला आकडे ज्या क्रमाने लागतात, तसे ते नसायचेच. मला सांगितलं असतं तर एका दुपारीत झालं असतं! काम गेल्याचं वाईट वाटलं, पण त्याहून जास्त लागलं ते हे की माझ्यामुळे कोणीतरी ३ वर्षं उशिरापर्यंत बसत होतं. फॉर्म जायचा संचालकांकडे. तक्त्यांशी त्यांचा संबंधच नव्हता.

तेव्हापासून काम मंजूर करणाऱ्याला विचारतेच, पण ते प्रत्यक्ष वापरणाऱ्यालाही विचारते. प्रश्नही बदललाय. ‘कसं वाटलं?’ ऐवजी ‘फाइल हातात आल्यावर तुम्हाला पहिल्यांदा काय बदलावं लागलं?’ असं विचारलं की माणसं बोलती होतात. आणि हे अर्धा मसुदा झाल्यावरच विचारते, कारण छपाईला गेल्यावर कोण कशाला वाईटपणा घेईल?

थोडं वाचलंही. नको असलेली बातमी तोंडावर सांगायला माणसं कचरतात, याला रोझेन आणि टेसर या मानसशास्त्रज्ञांनी १९७० मध्ये ‘मम इफेक्ट’ असं नाव दिलं. क्लुगर आणि डेनिसी यांनी १९९६ मध्ये बऱ्याच जुन्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. त्यात अभिप्रायाने सरासरी फायदा दिसला, पण एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी कामगिरी उलट घसरली होती. लक्ष कामावरून निघून स्वतःवर गेलं की अभिप्रायाचा उपयोग कमी होतो, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटलं. ‘मी कशी काम करते?’ असं विचारलं की समोरचा माझं मन जपतो. ‘हे पान कुठे अडलं?’ म्हटलं की तो पानाबद्दल बोलतो.

क्लायंटचं असं थोडं मार्गी लागलंय. खरी अडचण आता माझ्या तिघांची आहे. त्यांचे पैसे माझ्या हातात, पुढचं काम कोणाला द्यायचं तेही मीच ठरवते. निनावी फॉर्म करून बघितला, पण तिघांत कसलं निनावी? कोणी काय लिहिलंय ते भाषेवरून लगेच कळतं. मागच्या महिन्यात एकाने धीर करून सांगितलं की मी सूचना तुकड्यातुकड्यांत देते, त्यामुळे काम दोनदा करावं लागतं. मी तिथल्या तिथे कारणं द्यायला लागले. तो गप्प झाला, आणि त्यानंतर त्याने काहीच सांगितलेलं नाही. चूक माझीच होती. ती कशी निस्तरावी?

ज्यांनी लहान टीम सांभाळली आहे त्यांना विचारायचंय : अशा माणसाकडे पुन्हा विषय काढावा, की आधी वागण्यात बदल दिसू द्यावा? आणि सोडून गेलेल्या क्लायंटला ‘का गेलात?’ हे विचारताना, काम परत मागतेय असं वाटू नये म्हणून तुम्ही काय करता? फोन बरा की मेल?

भर : सगळ्यांचे आभार. ‘आधी बदल, मग विषय’ हे बहुतेकांचं मत मानलं. या आठवड्यापासून सगळ्या सूचना एकाच कागदावर, काम सुरू व्हायच्या आधी देतेय. काल त्याला तो कागद दाखवून इतकंच विचारलं, ‘यात अजून काय राहिलंय?’ त्याने दोन गोष्टी सांगितल्या. मी फक्त लिहून घेतल्या. क्लायंटच्या प्रश्नावर मात्र फारसं कोणी बोललं नाही, त्याची अजून वाट बघतेय.