मनालीहून एका दिवसात काझा: उंची आणि नाले
मनालीहून एकाच दिवसात काझा (हिमाचल प्रदेशातील स्पिती खोऱ्यातले मुख्य गाव) गाठल्यास एक मुक्काम वाचतो, असे काही जण सुचवतात; ते मत मला पटत नाही. मनाली सुमारे २,०५० मीटरवर आहे आणि वाटेतली कुंझुम खिंड ४,५०० मीटरहून उंच, त्यामुळे विरळ हवेची सवय व्हायला शरीराला अवधीच मिळत नाही. शिमल्याकडून कल्पा, नाको, ताबो असे मुक्काम करत गेल्यास चढ बेताबेताने होतो.

परतताना कुंझुममार्गे उतरणार असाल, तर काझाहून पहाटेच निघावे. खिंड उतरल्यावर बातल ते ग्राम्फू या टप्प्यात नाले रस्त्यावरूनच वाहतात आणि उन्हाने बर्फ वितळू लागले की दुपारी त्यांचे पाणी वाढते. आम्ही खिंडीआधीच्या लोसर गावात जेवणासाठी रेंगाळलो आणि याच टप्प्यातल्या छत्रूच्या अलीकडे एका नाल्यापाशी पाणी ओसरण्याची वाट पाहत अंधार पडेपर्यंत थांबलो. सोबत लहान मुले असताना ती भीती फार मोठी वाटते.