तारणाची खात्री आणि न्यायाची भीती : आजारी वडिलांना काय सांगावे?

प्रश्न (अहिल्यानगर जिल्हा)

सर्वांना सलाम. माझे वडील 82 वर्षांचे आहेत. त्यांनी अनेक वर्षे आमच्या मंडळीचे पंच म्हणून काम केले आणि अंगात ताकद होती तोवर रविवारची उपासना चुकवली नाही. गेले तीन महिने ते अंथरुणाला खिळून आहेत आणि आता फार दिवस उरलेले नाहीत, हे डॉक्टरांनी आम्हांला स्पष्ट सांगितले आहे.

दुखणे औषधाने आवरते, भीती मात्र आवरत नाही. रोज रात्री ते मला मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायातील मेंढरे आणि शेरडे यांचा भाग, म्हणजे न्यायाच्या दिवशी प्रभू नीतिमानांना उजवीकडे आणि शापितांना डावीकडे करतो तो भाग, वाचायला लावतात आणि विचारतात, “मी कोणत्या बाजूला?” मी योहान 5:24 वाचून दाखवले. विश्वास ठेवणाऱ्यावर न्यायाचा प्रसंग येणार नाही, तो मरणातून जीवनात पार गेला आहे, असे त्या वचनात आहे. त्यावर ते म्हणाले, “ते विश्वास ठेवणाऱ्यासाठी आहे. माझा विश्वास खरा होता, हे तू कशावरून म्हणतोस? ज्यांना प्रभू ‘माझी तुमची ओळख नव्हती’ असे म्हणणार आहे, तेही त्याच्या नावाने कामे करणारेच होते ना?” यावर मला काही बोलता आले नाही.

माझे दोन प्रश्न आहेत. मरण्यापूर्वी आपल्या तारणाची, म्हणजे देवाने आपल्याला पापाच्या शिक्षेतून सोडवले आहे याची, खात्री बाळगणे ख्रिस्ती माणसाला शक्य आहे का, की तसे म्हणणे हा उद्धटपणा आहे? आणि ज्याला खात्री वाटत नाही त्याचे तारण झालेलेच नाही, असे समजायचे का?

उत्तर 1 (पाळक, सोलापूर)

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण वडिलांच्या उशाशी बसलेल्या मुलाला तेच आधी हवे असणार. नाही, तसे मुळीच समजू नका. तारण असणे आणि तारण आहे असे वाटणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. खात्रीविषयी अत्यंत आग्रही असलेल्या प्युरिटन (कडव्या प्रोटेस्टंट) विद्वानांनीही सतराव्या शतकात वेस्टमिन्स्टर येथे तयार केलेल्या विश्वासनाम्यात मान्य केले आहे की खऱ्या विश्वासणाऱ्याला ही खात्री मिळण्यासाठी दीर्घकाळ वाट पाहावी लागू शकते आणि मिळालेली खात्रीही डळमळू शकते. विल्यम कूपर या इंग्रज कवीने जॉन न्यूटन यांच्या सोबतीने स्तोत्रे रचली आणि ती आजही जगभर गायिली जातात. पण 1773 मध्ये मन खचल्यानंतर ‘देवाने मला टाकले आहे’ ही समजूत त्याला 1800 साली मृत्यू येईपर्यंत सोडून गेली नाही. त्याच्या मनाने त्याच्याविरुद्ध दिलेला निकाल हाच देवाचाही निकाल होता, असे मी म्हणणार नाही. आपले मन आपल्याला दोषी ठरवते तेव्हा देव आपल्या मनापेक्षा थोर आहे, असे योहानाच्या पहिल्या पत्रात स्पष्ट लिहिले आहे.

आता खात्रीविषयी. त्याच पत्राच्या शेवटी योहान म्हणतो की तुम्हांला सार्वकालिक जीवन आहे हे तुम्हांला कळावे म्हणून मी हे लिहिले आहे. जे कळावे म्हणून प्रेषिताने पत्र लिहिले, ते कळले असे म्हणणे उद्धटपणाचे कसे ठरेल? उद्धटपणा तेव्हा होतो, जेव्हा खात्रीचा आधार आपण स्वतः असतो. आणि आपल्या वडिलांची अडचण नेमकी इथेच आहे, असे मला वाटते. ते स्वतःच्या विश्वासाची प्रत तपासत आहेत.

निर्गमच्या बाराव्या अध्यायातील ती रात्र त्यांच्यासोबत पुन्हा वाचा. मिसर देशावर न्याय येत आहे, घराघरातला ज्येष्ठ मुलगा मरणार आहे, आणि इस्राएली कुटुंबे दाराच्या चौकटीला कोकराचे रक्त लावून आत बसली आहेत. एखाद्या घरातला ज्येष्ठ मुलगा निर्धास्त झोपला असेल, तर दुसऱ्या घरातला पहाटेपर्यंत थरथरत बसला असेल. परंतु देवाने “मी ते रक्त पाहीन” असे म्हटले होते, घरातल्यांचे धैर्य पाहीन असे म्हटले नव्हते. रक्त चौकटीच्या बाहेरच्या बाजूला होते आणि आत बसलेल्यांना ते दिसतही नसणार, याचा मी अनेकदा विचार करतो. त्यांच्यासाठी एकच आज्ञा होती, सकाळपर्यंत कोणीही दाराबाहेर जायचे नाही. इब्री लोकांस पत्रात विश्वास सोडून जाण्याविरुद्ध जे कडक इशारे आहेत, ते मी याच आज्ञेच्या उजेडात वाचतो. आत थरथरणाऱ्याला ते बाहेर ढकलत नाहीत. दार उघडून निघालेल्याला ते हाक मारतात.

उत्तर 2 (वसई)

मी कॅथोलिक आहे, त्यामुळे माझे उत्तर पाळकसाहेबांपेक्षा थोडे वेगळे असेल. आमच्या चर्चच्या ट्रेंट येथील परिषदेने 1547 साली असे शिकवले की आपण कृपेच्या अवस्थेत, म्हणजे देवाशी समेट झालेल्या स्थितीत, आहोत हे, चुकीची शक्यताच नाही अशा खात्रीने, कोणालाही स्वतःपुरते ठरवता येत नाही. मात्र देवाच्या साहाय्यावर प्रत्येकाने दृढ आशा ठेवलीच पाहिजे. पुष्कळांना पहिला भाग ठाऊक असतो आणि दुसरा ठाऊक नसतो. आम्ही ज्याला आशा म्हणतो ती ‘झाले तर बरे’ अशी इच्छा नव्हे, तर वचन देणाऱ्यावर टाकलेला भार होय.

फ्रान्सची वीरकन्या जोन ऑफ आर्क हिला 1431 च्या पाखंडाच्या खटल्यात न्यायाधीशांनी विचारले होते, “तू देवाच्या कृपेत आहेस का?” होय म्हटले असते तर तिच्यावर अहंकाराचा आरोप आला असता आणि नाही म्हटले असते तर तो कबुलीजबाब ठरला असता. ती म्हणाली की मी नसेन तर देव मला तिथे आणो, आणि असेन तर देव मला तिथेच ठेवो. तिचे हे उत्तर आपल्या वडिलांना प्रार्थना म्हणून म्हणता येईल, असे मला मनापासून वाटते.

आमच्याकडे माणूस शेवटच्या आजारात असला की धर्मगुरूंना बोलावतात. ते पापनिवेदन ऐकतात, तेल लावतात, ख्रिस्तशरीर म्हणजे पवित्र भाकर देतात. आपल्या मंडळीत पद्धत निराळी असेल. पण पाळकांना घरी बोलावून प्रभुभोजन देता येईल का, हे जरूर पाहा. माझ्या आजीला अखेरच्या दिवसांत प्रवचन समजत नव्हते, परंतु जिभेवर ठेवलेला तो तुकडा तिला समजत होता.

उत्तर 3 (पुणे)

मी परिचारिका म्हणून तीस वर्षे काम केले आणि पुष्कळांच्या अखेरच्या रात्री जवळून पाहिल्या. दादा, एक विनंती करते. वडिलांना आणखी वचने वाचून दाखवण्याआधी त्यांना शांतपणे विचारा की त्यांना नेमकी कशाची भीती वाटते. ‘मी पापी आहे’ असे माणूस सहज म्हणतो. मनात मात्र कधी कधी एकच गोष्ट असते आणि तिचे नाव कोणी विचारलेलेच नसते.

दुसरे असे की मंडळीत इतकी वर्षे घालवूनही खात्री नाही, याची त्यांना लाज वाटत असेल तर पंडिता रमाबाईंविषयी सांगा. त्यांचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला आणि त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, पुण्यात काम करत असताना, त्यांना उमगले की आपल्याला ख्रिस्ताचा धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. हे त्यांनी स्वतः साक्षीत लिहून ठेवले आहे. एवढ्या विदुषीला जे उशिरा मिळाले, ते आपल्या वडिलांना आज मिळाले तर उशीर झाला असे कोण म्हणेल?

प्रश्नकर्ता

ताई, काल रात्री मी विचारले. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग त्यांनी धाकट्या काकांचे नाव घेतले. वाटणीनंतर वडिलांनी दोन-तीन वर्षांत काकांच्या बाजूचा बांध कोरत कोरत दीड गुंठा जमीन आपल्याकडे घेतली होती. काकांना कळले, भांडण झाले, आणि तेव्हापासून जाणे-येणे बंद आहे. बायबलमधील अनुवाद या पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायात शेजाऱ्याच्या शेताची मेर सरकवणाऱ्याला शाप आहे. तो भाग वडिलांनी उपासनेत स्वतः मोठ्याने वाचला होता, आणि चाळीस वर्षे ते वचन त्यांच्या आत बसून आहे.

जमीन परत देण्याची त्यांची इच्छा आहे. परंतु ते विचारतात की आता परत दिली, तर दीड गुंठ्यात तारण विकत घेतल्यासारखे होणार नाही का?

उत्तर 1 (पाळक, सोलापूर)

हा प्रश्न विचारणाऱ्या माणसाचा विश्वास मेलेला नाही, हे त्यांना माझ्या नावाने सांगा.

लूकच्या एकोणिसाव्या अध्यायातील जक्कय हा श्रीमंत जकातदार पाहा. येशूने झाडाखाली थांबून “आज मला तुझ्या घरी उतरायचे आहे” असे म्हटले, तेव्हा जक्कयाने एक पैसाही परत केलेला नव्हता. चौपट परत देण्याची गोष्ट त्याने नंतर, प्रभूचे आनंदाने स्वागत केल्यावर काढली. आपल्या वडिलांनी हा क्रम लक्षात ठेवावा. मेर सरकवणाऱ्याचा जो शाप त्यांनी वाचला, त्याच अध्यायातील अखेरचा शाप पौल गलतीकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात उद्धृत करतो आणि लगेच लिहितो की ख्रिस्त आपल्याकरता शाप झाला. शाप त्याने फेडला आहे. जमीन काकांची आहे म्हणून काकांना द्यायची आहे. देवाला द्यायची ती किंमत नव्हे.

मत्तय 25 वाचायचेच असेल तर उजवीकडच्यांचे बोलणे ऐकवा. “प्रभो, आम्ही तुला केव्हा उपाशी पाहिले?” असे ते विचारतात. त्यांनी हिशेब ठेवलेलाच नव्हता.

प्रश्नकर्ता

आज सकाळी मी काकांना फोन केला. ते आधी काही बोलले नाहीत, नंतर “तो काही खातो का?” एवढेच त्यांनी विचारले. शनिवारी ते येत आहेत. मोजणीचा अर्ज सोमवारी देईन. आमचे पाळक रविवारी उपासनेनंतर प्रभुभोजन घेऊन घरी येणार आहेत आणि त्या वेळी काकांनीही शेजारी बसावे, अशी वडिलांची इच्छा आहे. आज रात्री त्यांनी मत्तय न मागता लूकचा एकोणिसावा अध्याय मागितला आणि “उतरायचे आहे” हे शब्द मला दोनदा वाचायला लावले.