परदेशी कोंबडी आणि बर्ड फ्लू: बंदी अख्ख्या देशावर हवी की रोग असलेल्या भागापुरती?

शेडवाला_शिरूर
परवा हडपसरला साखरपुड्याच्या पंगतीत एक पाहुणे म्हणाले, "अमेरिकेत तंगडीला कुत्रं विचारत नाही, सगळ्यांना छातीचं मांस हवं. ती तंगडी इकडे आली तर आपल्याला स्वस्त पडेल. तुम्ही पोल्ट्रीवाले बर्ड फ्लूचं निमित्त काढता." पंगत होती म्हणून गप्प बसलो.

ज्या देशात बर्ड फ्लू आहे तिथलं पिल्लू, अंडं, मांस काही नको. त्यांचं अमुक राज्य स्वच्छ नि तमुक खराब, असली वाटणीही नको. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला रोग निघाला. नवापूर कुठे, आम्ही कुठे! माझ्या शेडात एक कोंबडी शिंकली नव्हती, तरी व्यापारी फोन उचलेना. बेचाळीस दिवसांचा लॉट साठ दिवसांवर गेला, खाद्य रोज चालूच. शेवटी गावात फुकट वाटले, तेही लोक भीत भीत न्यायचे. ज्यानं हे भोगलंय त्याला वाटणी-बिटणी सांगू नका.

निवृत्त_पशुवैद्य
नवापूरच्या दिवसांत मीही नोकरीत होतो, तुमचं दुखणं खोटं नाही. पण सरसकट बंदीचा खटला आपण हरलोय. आपली तशी बंदी होती, तिच्याविरुद्ध २०१२ साली अमेरिका जागतिक व्यापार संघटनेत तक्रार घेऊन गेली आणि जून २०१५ मध्ये अपिलातही निकाल आपल्या विरोधात लागला. कारण ऐका. आपल्याकडे रोग निघाला की एक किलोमीटरच्या आतले पक्षी मारायचे, दहा किलोमीटरपर्यंत पाळत ठेवायची, बाकी देशात धंदा चालू. परदेशात निघाला की मात्र त्या अख्ख्या देशाचा माल आपण बंद करायचो. शिवाय धोका किती याचा शास्त्रीय अभ्यास मांडायला हवा होता, तो आपल्याकडे नव्हता. घरात एक न्याय, दारात दुसरा. हे कोण ऐकून घेईल?

शेडवाला_शिरूर
डॉक्टर, तो निकाल लागला त्याच वर्षी अमेरिकेत या रोगानं जवळपास पाच कोटी कोंबड्या आणि टर्की संपल्या. खटला जिंकणाऱ्याचं घर जळत होतं. मग आमची भीती खोटी कशी?

पेठेतली_खवय्यी
दोघंही रोगाबद्दल बोलताय, भावाबद्दल कोणीच नाही. श्रावण संपला की चिकनचा भाव कुठे जातो ते आम्हाला विचारा. तंगडी आली तर येऊ द्या की. नाहीतरी आपण रश्श्यात तासभर रटरटवतो, कुठला विषाणू टिकणार?

निवृत्त_पशुवैद्य
ताई, ७० अंशांच्या वर शिजवलं की विषाणू मरतो, खाणाऱ्याला धोका नाही. पण डीप फ्रीजमध्ये तो मरत नाही, उलट टिकतो. कच्च्या मांसाचे तुकडे, धुतलेलं पाणी, पॅकिंग उकिरड्यावर गेलं, तिथून कावळ्यानं उचललं आणि परसातल्या कोंबड्यांत टाकलं, तर? शक्यता लहान आहे, पण शून्य नाही. म्हणून मी बंदी नको म्हणत नाही. रोग असलेल्या भागातून नको, एवढंच म्हणतो.

आणि शिरूरकर, राग मानू नका. तंगडीवर आयात शुल्क १०० टक्के आहे. २०२३ मध्ये तो वाद मिटला तेव्हा फ्रोझन टर्की आणि बदकावरचं शुल्क ५ टक्क्यांवर आणलं, तंगडीला हात लावला नाही. तुम्हाला वाचवतंय ते शुल्क. ते टिकावं म्हणून भांडा, मी तुमच्या बाजूनं उभा राहीन. रोगाच्या नावाखाली भावाचं भांडण लढू नका.

भिगवणची_दुर्बीण
दर थंडीला उजनी धरणाच्या फुगवट्यावर पक्षी बघायला जातो म्हणून लिहितो. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हंस तिथे येतात, ते हिमालय ओलांडून. २००५ मध्ये चीनमधल्या छिंगहाई तलावावर हेच हंस या रोगानं हजारोंनी मेले होते. यांना कुठल्या बंदरावर अडवणार? (पक्ष्यांना शिव्या घालू नका, ही विनंती. जंगली पक्ष्यांतला सौम्य विषाणू कोंबड्यांच्या गर्दीत शिरून घातक होतो, हेही तितकंच खरं.)

शेडवाला_शिरूर
म्हणजे खिडकी उघडी आहे म्हणून दारही सताड उघडं ठेवायचं? वा!

निवृत्त_पशुवैद्य
दार उघडं ठेवा असं कोणी म्हटलं? अहो, ब्रॉयलरच्या बऱ्याच जातींची ग्रँड पॅरेंट पिल्लं, म्हणजे तुमच्या पिल्लांचे आजी-आजोबा, आजही बाहेरून येतात. परमिट, तपासणी, क्वारंटाइन सगळं करून. तुमची सरसकट बंदी खरंच लागली तर तुमच्याच शेडात पिल्लू येणार नाही. आणि २०२३ साली आपणच जगाला सांगितलं की भारतात रोग येऊन गेला असला तरी आमचे २६ पोल्ट्री कंपार्टमेंट, म्हणजे रोग शिरू नये म्हणून बंदिस्त ठेवलेले फार्म, रोगमुक्त आहेत, त्यांची अंडी घ्या. त्यातले काही महाराष्ट्रातले. आपल्या मालासाठी वाटणी चालते ना?

शेडवाला_शिरूर
२६ ची गोष्ट माहीत नव्हती. तरी ते कंपनीवाले. माझ्यासारख्याकडे रोग आला तर काय? २०२१ मध्ये मोठ्या लेयर (अंड्यावरच्या) कोंबडीला भरपाई ९० रुपये होती. ९० रुपयांत पुन्हा उभा राहून दाखवा. चूक झाली तर किंमत मी मोजणार, म्हणून मी जास्त भिणार.

गाडीवरचा
मी लिफ्टिंगच्या, म्हणजे फार्मवरून कोंबड्या उचलणाऱ्या गाडीवर सहा वर्षं होतो, आता सोडलंय. खरं सांगू? रात्री एकला मुळशीत माल भरायचा, बाजारात टाकायचा, तेच क्रेट घेऊन दुसऱ्या दिवशी शिरूरला. क्रेटच्या जाळीत आदल्या फार्मची विष्ठा वाळून बसलेली, बोटानं खरवडली तरी निघायची नाही. पाण्याचा एक फवारा मारला की धुतलं. पोरं त्याच चपलांनी शेडात, पक्षी पायाला धरून उलटे. दारात पाय बुडवायला पोटॅशच्या (जंतू मारणाऱ्या) पाण्याचा ट्रे असायचा, पण त्यात तूस तरंगत असायचं आणि सगळे तो ओलांडून जायचे. अमेरिका राहू द्या, मुळशीतून शिरूरला रोग न्यायला आमची गाडी पुरेशी होती.

भिगवणची_दुर्बीण
आणि नाव माझ्या हंसांचं!

शेडवाला_शिरूर
दादा, माझ्या ट्रेमध्ये पण तूस असतं. आत्ताच बघून आलो.

बंदीचं मत बदललेलं नाही, डॉक्टर. पण सोमवारी माझी गाडी लागतेय. पोरांसाठी आठ जोड गमबूट घ्यायचेत, शेडातच ठेवेन. बोहरी आळीत मिळतील का?

पेठेतली_खवय्यी
मिळतील. गर्दीच्या वेळी जाऊ नका, पाय ठेवायला जागा नसते.