विषय: गयानाच्या निवडणुकीविषयीच्या निवेदनावर मंडळाची सही

सचिव, 2 जुलै 2020:
टोरांटोच्या स्कारबरो भागातील गयानीज शेजाऱ्यांचे, दक्षिण अमेरिकेतील गयानाच्या मार्चमधील निवडणुकीचा अडलेला निकाल जाहीर करण्याविषयीचे निवेदन उद्या सायंकाळी रवाना होणार असून त्यांना मंडळाची सही हवी आहे. या वादाची कॅरिबियन न्यायालयात सुनावणी झाली आहे, न्यायालयाचा निर्णय केव्हाही येईल. बैठकीसाठी सात दिवसांची पूर्वसूचना लागते, मार्ग सुचवावा.

माजी अध्यक्ष:
बैठकीशिवाय मंडळाचे नाव वापरण्यास माझा विरोध आहे. गयानात भारतीय वंशाचे बहुतेक मतदार विरोधी पीपल्स प्रोग्रेसिव्ह पार्टीच्या, तर आफ्रिकी वंशाचे बहुतेक सत्ताधारी आघाडीच्या पाठीशी असतात. आपण वंश पाहून बाजू घेतली, असेच लोक म्हणतील. शिवाय तिकडे गेलेले गिरमिटिये (करारबद्ध मजूर) बहुतांशी भोजपुरी मुलखातले. आपला थेट संबंध नाही.

एक सभासद:
काका, हा वाद मोजणीचा आहे. 2 मार्चला प्रत्येक मतदान केंद्रावर मते मोजून तक्ता बाहेर लावला गेला आणि पक्षांनाही प्रती मिळाल्या. परंतु राजधानी जॉर्जटाउन ज्या चौथ्या विभागात येते, तेथील निवडणूक अधिकाऱ्याने जाहीर केलेले आकडे या तक्त्यांशी जुळेनात. म्हणून कॅरिबियन देशांच्या कॅरिकॉम या संघटनेच्या पथकासमोर सर्व 2,339 पेट्यांची फेरमोजणी झाली, तीत विरोधकांना 2,33,336 आणि आघाडीला 2,17,920 मते मिळाली, आणि तरीही मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांनी 1 लाख 15 हजारांहून अधिक मते वगळून आयोगाला अहवाल दिला. यावर जाहीर आक्षेप घेणाऱ्या बार्बाडोसच्या पंतप्रधान मिया मॉटली कोणत्या भारतीय वंशाच्या आहेत?

आणखी एक सभासद:
संबंधाबद्दल लिहिते. आमच्या शेजारच्या गयानीज आजी तिथले तेव्हाचे सत्ताधीश फोर्ब्स बर्नहॅम यांच्या राजवटीत, गव्हाच्या पिठावर बंदी असताना, तांदळाच्या पिठाच्या पोळ्या लाटत. त्या काळातील निवडणुकांत मतपेट्यांचे काय होई, हे त्यांनी आम्हाला अनेकदा सांगितले आहे. मार्चपासून त्या रोज निकालाची चौकशी करतात. मला एवढा संबंध पुरेसा वाटतो.

कोषाध्यक्ष:
मंडळाचे लेटरहेड माझ्याकडे आहे आणि ठरावाशिवाय ते कोणालाही मिळणार नाही. मागील वर्षी गणेशोत्सवाच्या पत्राच्या वेळी काय झाले, हे सर्वांना ठाऊक आहे.

सचिव:
मग सभासदांनी व्यक्तिगत सह्या कराव्यात, असे सुचवते. नावे उद्या दुपारपर्यंत मला कळवावीत.

माजी अध्यक्ष:
यास हरकत नाही. मात्र निवेदनाच्या दुसऱ्या परिच्छेदात एका पक्षाचे अभिनंदन आहे, ते काढावे आणि फेरमोजणीनुसार निकाल जाहीर करावा एवढीच मागणी ठेवावी. ते मान्य झाल्यास माझे नावही घालावे.