रॅम काढू नका, आधी सिस्टिम डॉट आयएनआय बघा

जुन्या पेंटियम ४ वर १ जीबी रॅम टाकल्यावर विंडोज ९८ 'मेमरी अपुरी आहे' म्हणून अडून बसतं, असा प्रश्न इथे एकाने विचारलाय, आणि उत्तरात दोघातिघांनी रॅम खराब असल्याचं निदानही करून टाकलंय. रॅमचा काही दोष नसावा. उलट ती जास्त झालीय!

विंडोज ९८ मध्ये व्हीकॅश नावाचा डिस्क कॅशचा (डिस्कवरचा डेटा हाताशी ठेवायच्या रॅममधल्या जागेचा) ड्रायव्हर आहे. रॅम जितकी जास्त, तितकी मोठी कॅश तो ठरवतो आणि तिच्यासाठी मेमरीच्या पत्त्यांची जागा (अ‍ॅड्रेस स्पेस) आधीच अडवून ठेवतो. ती जागा मर्यादित असते. एजीपी कार्डही (जुनं ग्राफिक्स कार्ड) तिच्यातच वाटा मागतं. मग बाकीच्यांना काही उरत नाही. ५१२ एमबीच्या पुढे गेलं की हा ताप सुरू होतो.

मशीन चालू होताना एफ ८ दाबून फक्त कमांड प्रॉम्प्टवर जा. सिस्टिम डॉट आयएनआय या विंडोजच्या सेटिंग्जच्या फाइलची एक प्रत काढून ठेवा (मी एकदा काढली नव्हती, रात्र गेली). मग एडिट या डॉसच्या साध्या एडिटरमध्ये ती फाइल उघडून चौकटी कंसातल्या व्हीकॅश या मथळ्याखाली 'मॅक्सफाइलकॅश=२६२१४४' लिहा, अर्थातच इंग्रजीत. आकडा केबीत आहे, म्हणजे २५६ एमबी.

तरीही कुरकुर केली तर '३८६एन्ह' या मथळ्याखाली 'मॅक्सफिजपेज=२००००' टाका. हा आकडा हेक्साडेसिमल (दहाऐवजी सोळाच्या पायावरचा) आहे. त्याने विंडोज ५१२ एमबीच्या पुढची रॅम वापरतच नाही. जुन्या गेम्सना तेवढी रग्गड होते.