लष्करी अळीपासून कायटिन काढलं, पण नायट्रोजन कमी येतोय

प्रश्न
एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी मक्यावरच्या अमेरिकन लष्करी अळीपासून कायटिन (किड्यांच्या कवचातला लांब साखळीचा पदार्थ) काढतेय. २०१८ ला ही कीड भारतात आली आणि मक्याची पोंग्यापासून वाट लावते, मग वेचलेल्या अळ्यांचा काहीतरी उपयोग व्हावा असं मनापासून वाटतं. अळ्या वाळवून दळल्या, खनिज घालवायला १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल, मग प्रोटीन घालवायला १ मोलर कॉस्टिक सोडा ९० अंशाला, शेवटी रंगासाठी ब्लीच. पावडर पांढरी आली. एफटीआयआरमध्ये (इन्फ्रारेड चाचणीत) अमाइड गटाचा पीक १६५५ आणि १६२० असा फुटलाय म्हणजे अल्फा कायटिन (कायटिनचा नेहमीचा प्रकार) आहेच, पण नायट्रोजन ५.८ टक्केच येतोय, प्रोटीन राहिलं असेल का? कॉस्टिक वाढवू?

मक्याचं_कणीस
नको वाढवू. शुद्ध कायटिनचा नायट्रोजन ६.८९ टक्के, आणि प्रोटीन राहिलं असतं तर आकडा वर गेला असता कारण प्रोटीनमध्ये साधारण १६ टक्के असतो. तुझा खाली आलाय म्हणजे नायट्रोजन नसलेलं काहीतरी मिसळलंय. अळीच्या पोटात मक्याचं पान असतं ना, त्यातलं सेल्युलोज आम्लात जात नाही आणि कॉस्टिकमध्येही जात नाही, ते थेट तुझ्या पावडरीत येतं. अळ्या एक दिवस उपाशी ठेव, पण प्रत्येक वेगळ्या डबीत, एकत्र ठेवल्यास एकमेकींना खातात.

प्रयोगवही
सहमत, पण आधी थोडी पावडर जाळून राख, म्हणजे खनिज, किती उरते ते बघ ताई, आणि पावडर नीट वाळवलीय ना? ओलावा असला तरी आकडा पडतो. चरबीही बघ, कॉस्टिक टाकल्यावर साबणासारखा फेस आला होता का? आला असेल तर हेक्झेन या द्रावकाने आधी चरबी काढ. एफटीआयआरमध्ये २९२० आणि २८५० ला उंच टोकं दिसली तर चरबीचा संशय धर.

प्रश्न
हो, फेस भरपूर आला होता! आणि एक्सआरडीमध्ये (क्ष-किरण चाचणीत) ९ आणि १९ अंशांबरोबर २३ च्या आसपास उंचवटा आहे, तो सेल्युलोजचा धरू?

प्रयोगवही
नुसत्या त्यावरून नको धरू, अल्फा कायटिनचा पण तिथे बारका पीक असतो. कोषाची रिकामी टरफलं मिळाली तर त्यांचं वेगळं सॅम्पल कर, पोटात पानच नसल्याने तुलना स्वच्छ होते. फक्त टरफल तपकिरी आणि टणक, त्याला कॉस्टिक जास्त वेळ लागेल. खनिज मात्र कोळंबीच्या सालीपेक्षा खूपच कमी, आम्लात फार वेळ ठेवून कायटिनची साखळी तोडू नकोस.