मदत हवी आहे : वादळाच्या दिवशीची धूळ वाळवंटातलीच, हे कसे ठरवावे?

धूळपाटी :
नमस्कार. प्रबंधासाठी घेतलेल्या हवेच्या नमुन्यांत धुळीच्या वादळाच्या दिवशी कॅल्शियम आणि लोह एकदम वाढलेले दिसते, मात्र सिलिकॉनचे आकडे कशाशीच जुळत नाहीत. प्रकरण याच आठवड्यात मार्गदर्शकांकडे द्यायचे आहे. ही धूळ वाळवंटातून आली हे दाखवण्यासाठी कोणते गुणोत्तर वापरावे, एवढेच सांगावे. वाळवंटी धुळीच्या व्याख्येपासून कृपया सुरुवात करू नये.

गोदाकाठ :
व्याख्या राहू द्या, पण नमुने कुठले, पीएम १० चे (१० मायक्रोमीटरपर्यंतचे कण) की पीएम २.५ चे (२.५ मायक्रोमीटरपर्यंतचे बारीक कण), आणि फिल्टर कशाचा, हे तरी सांगाल की नाही? फिल्टर क्वार्ट्झचा असेल तर तो मुळातच सिलिकॉन डायऑक्साइड आहे. त्यावर धुळीतले सिलिकॉन मोजणे म्हणजे विहिरीत घागर ओतून पाणी किती चढले ते पाहणे.

रेताड :
इतके खोलात जायची गरज नाही. वाळवंटी धूळ जाडसर असल्याने पीएम १० जितके वाढते तितके पीएम २.५ वाढत नाही, म्हणून आधी त्या दोहोंचे गुणोत्तर घसरले का ते पाहा. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानच्या किनाऱ्याकडून अरबी समुद्रावरून आलेल्या धुळीने मुंबईचे आकाश धुरकटले होते, तशीच ही असणार. पश्चिम आशियातल्या धुळीत कॅल्साइट, म्हणजे चुनखडीतले कॅल्शियम कार्बोनेट, भरपूर असते. कॅल्शियमला ॲल्युमिनियमने भागा, काम झाले.

काळीभोर :
काम झाले नाही. आपल्या काळ्या मातीतही चुनखडीचे खडे हाताला लागतात, त्यामुळे मराठवाड्यात नुसत्या कॅल्शियमवरून बाहेरची धूळ ओळखता येत नाही. शिवाय ही माती बेसाल्टची, म्हणजे लोह आणि टायटॅनियम मुळातच जास्त. भूकवचाच्या सरासरीशी तुलना केली तर बांधावरची स्वच्छ मातीसुद्धा प्रदूषित ठरेल. परिसरातली माती आणून, बारीक चाळून, त्याच पद्धतीने तपासा आणि तुलना तिच्याशी करा.

रेताड :
मग टायटॅनियम आणि ॲल्युमिनियमचे गुणोत्तर घ्या. बाहेरची धूळ मिसळली तर ते वादळाच्या दिवशी खाली यायला हवे. हिसप्लिट या संगणकीय प्रारूपावर वाऱ्याचा उलटा मार्गही काढा, म्हणजे हवा कुठून आली ते दिसेल.

सावली :
अशा दिवसांत घराबाहेर पडताना एन-९५ मास्क वापरावा, साध्या रुमालाने बारीक कण अडत नाहीत.

धूळपाटी :
मास्कचा प्रश्न नाही. नमुने पीएम १० चे, जालन्याच्या औद्योगिक वसाहतीजवळच्या एका छतावरचे आहेत. फिल्टर क्वार्ट्झचा, विरघळवण्यासाठी नायट्रिक आम्ल वापरले आहे.

गोदाकाठ :
हे पहिल्याच परिच्छेदात हवे होते. जालन्यात पोलादाच्या भट्ट्या आहेत, तेव्हा लोहाबरोबर जस्त, शिसे आणि मँगनीज चढले असेल तर ते लोह वाळवंटाच्या खात्यावर मांडू नका. दुसरे, नुसत्या नायट्रिक आम्लात सिलिकेट खनिजे पुरती विरघळत नाहीत, म्हणजे त्यांतले ॲल्युमिनियम कमी मोजले गेले आणि त्याने भागलेली बहुतेक गुणोत्तरे फुगली. नायट्रेट वाढलेले दिसले तरी लगेच वाहनांकडे बोट दाखवू नका; हवेतले नायट्रिक आम्ल धुळीतल्या कॅल्शियम कार्बोनेटवर बसून कॅल्शियम नायट्रेट होते, त्यामुळे एरवी बारीक कणांत असणारे नायट्रेट जाड कणांत जाते. सिलिकॉनचा नाद सोडा आणि सिलिकेट विरघळवणाऱ्या हायड्रोफ्लोरिक आम्लाची सोय असलेल्या प्रयोगशाळेतून ॲल्युमिनियम व टायटॅनियम पुन्हा मोजून घ्या. फिल्टरचे उरलेले तुकडे आणि त्याच खोक्यातला एखादा कोरा फिल्टर तुमच्याकडे आहे का?